सावडीतली बॅटरी

रोज सकाळी गाडी अंगणाबाहेर काढली की पुष्पाबाई तिच्या पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतायची. कितीही घाई असो, आधी चाकावर पाणी, मग ओला हात स्वतःच्या कपाळाला. टँकरची वाट बघायचे दिवस आले की तांब्याची वाटी व्हायची आणि वाटीची ओंजळ, पण चाक कोरडं ठेवून ती कधी निघाली नाही. तिचा सासरा औताला जुंपायच्या आधी बैलाच्या खुरांवर असंच पाणी घालायचा म्हणे. गाडीला खूर नव्हते, म्हणून चाक.

पुष्पाबाई कुंभार पिंपळगावची आशाताई. गावात आणि भोवतालच्या शेतवस्त्यांवर कोण गरोदर आहे, कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, कोणती सासू सुनेला लोहाच्या गोळ्या खाऊ देत नाही, हे सगळं तिला पाठ असायचं. बरीच वर्षं हे काम तिनं पायी केलं. टाचा फुटल्या, गुडघा धरायला लागला. मग एक दिवस जेवताना ती नवऱ्याला म्हणाली की मला बॅटरीवरची गाडी घ्यायची आहे. पुंजाराम कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “पडशील.” ती म्हणाली, “पडंन.” त्या घरात एवढी चर्चा म्हणजे फार झाली.

शाळेच्या मैदानावर ती शिकत होती तेव्हा बघायला अर्धी गल्ली जमायची. समोरच्या घरातली तुळजाबाई तर खास पायरीवरून उठून यायची. तुळजाबाई वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी.

“पुष्पे, म्हशीवर बसल्यावानी बसू नको गं. ती काय दूध न्हाई देणार.”

“आत्याबाई, तुमी मागं बसा. मंग बघू कोण पडतं ते.”

आणि एके दिवशी तुळजाबाई खरंच मागं बसली. मारुतीच्या देवळापर्यंत डोळे घट्ट मिटून गेली, उतरल्यावर पदर सावरला आणि जमलेल्या बायांना सांगितलं की काही न्हाई, पाळण्यासारखंच असतं.

तुळजाबाईचा मुलगा कल्याण पिठाची गिरणी चालवतो. पुष्पाबाईनं पाडव्याला गाडी घेतली, त्याच दिवशी त्यानंही तशीच घेतली, मुलीसाठी. आकांक्षाला घनसावंगीला कॉलेजला जायचं असे आणि एसटीचा भरवसा नसे. दोन्ही गाड्या नवीन जालन्याच्या शोरूममधून एकाच टेम्पोत आल्या. एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या. सीटखालची बॅटरी कडीला धरून बाहेर काढता यायची आणि घरात नेऊन चार्ज करता यायची.

पुंजाराम आणि कल्याणचा बाप यांची पूर्वी सावड होती. दोघांकडं एकेकच बैल. दोन्ही बैल एकत्र जुंपायचे आणि एक दिवस याचं शेत, एक दिवस त्याचं, असं आळीपाळीनं करायचं. बैल गेले, कल्याणचा बापही गेला, पण दोन घरांमधला तो व्यवहार कुठंतरी शिल्लक राहिला होता. बॅटऱ्यांचंही मग तसंच झालं. पुष्पाबाईच्या घरी वीज कधी असायची, कधी नसायची. गिरणीत मात्र मीटर मोठं, अर्थिंग पक्की. म्हणून दोन्ही बॅटऱ्या संध्याकाळी गिरणीतच शेजारी शेजारी लागायच्या आणि सकाळी जो आधी निघेल तो त्यातली भरलेली उचलायचा. आपली कोणती, त्यांची कोणती, असा प्रश्नच नव्हता. पिठाच्या धुरळ्यानं दोन्ही सारख्याच पांढऱ्या असायच्या.

एकदा कल्याणनं रंगीत चिकटपट्टी आणली होती. खूण करून ठेवू म्हणाला. तुळजाबाईनं ती पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. सावडीतल्या बैलाला कुणी डाग देतं का, असं तिनं विचारलं. शेजाऱ्याच्या वस्तूवर खूण करणं म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणं, असं तिचं मत होतं आणि पुष्पाबाईचंही तेच. मग खंडेनवमीला गिरणीच्या जात्याबरोबर दोन्ही बॅटऱ्या पाटावर ठेवून पुजल्या गेल्या. त्याआधी तुळजाबाईनं त्या ओल्या फडक्यानं रगडून रगडून पुसल्या. दोन्हींच्या खालच्या बाजूला कंपनीची नंबराची चिठ्ठी होती, ती त्या पुसण्यात निघून गेली. कुणाला काही वाटलं नाही. हळदीकुंकू लावायला जागा स्वच्छ झाली, एवढंच.

थंडी सरत आली तेव्हा अंकुशनगरला एक गाडी पेटली. याच कंपनीची, याच बनावटीची. साखर कारखान्याच्या बाहेर उभी होती, मालक चहा पीत होता. त्याचा व्हिडिओ गावात प्रत्येकाच्या मोबाईलवर आला. आधी सीटखालून पांढरा धूर, मग कुकरची शिटी अडकल्यासारखा आवाज, आणि मग सीट दिसेनाशीच होते. माणूस कुणी भाजलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आणखी कुठल्या कुठल्या गावच्या बातम्या आल्या. मग कंपनीनं जाहीर केलं की काही बॅटऱ्यांमध्ये बनवतानाच दोष राहिलाय, तेवढ्या परत घेऊन नव्या देऊ. फुकट.

शोरूममधून पुष्पाबाईला फोन आला. तुमची गाडी यादीत आहे, बॅटरी आणि गाडीचे कागद घेऊन या. कल्याणनं स्वतःहून फोन करून विचारलं, तर त्याची गाडी यादीत नव्हती. एकाच टेम्पोतून आलेल्या दोन गाड्यांमधली एक यादीत आणि एक बाहेर, हे कसं, ते कुणी सांगितलं नाही. तुळजाबाई म्हणाली की पुष्पीचं नशीबच तसलं, तिला बसल्या जागी नवी मिळती.

पुष्पाबाईनं सकाळी गिरणीतून एक बॅटरी उचलली, गोणीत गुंडाळली आणि मोसंबीच्या पिकअपमध्ये बसून जालन्याला गेली. शोरूमबाहेर दुपारपर्यंत रांग होती. काउंटरवरच्या पोरानं कागदावरचा गाडीचा नंबर संगणकात घातला, मान हलवली, गोणीतली बॅटरी मागं नेली आणि नवी आणून ठेवली. कोणती बॅटरी कोणत्या गाडीची, हे त्यानं पाहिलं नाही. पुष्पाबाईनंही सही केली आणि आभार मानले. येताना तिनं मामा चौकातून तुळजाबाईसाठी खारी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीत गेली. दोन्ही बॅटऱ्या रोजच्यासारख्या शेजारी शेजारी होत्या. पण नवीची कडी निळी होती, जुनीची काळी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या वेगळ्या ओळखू येत होत्या. आकांक्षा आली, काळी कडी धरून बॅटरी उचलली आणि निघाली. पुष्पाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, असं तिनं पुंजारामला नंतर सांगितलं. यादीत नाव होतं तिच्या गाडीचं. पण काल गोणीत घालून नेलेली बॅटरी तिचीच होती कशावरून? ती कल्याणची असेल, तर खराब ती मागंच राहिली होती. आणि ती आत्ता पोरीच्या सीटखाली होती.

तिनं आकांक्षाला हाक मारून परत बोलावलं आणि तिच्या गाडीत नवी बॅटरी ठेवली. मग कल्याणला सगळं सांगितलं. कल्याणनं लगेच शोरूमला फोन लावला. तिकडून बॅटरीच्या खालचा नंबर विचारला. नंबर खंडेनवमीलाच पुसला गेला होता. पुष्पाबाईनं आणून दिलेली बॅटरी तपासा, असं कल्याण म्हणाला, तर ती बाकीच्यांबरोबर कंपनीच्या ट्रकमध्ये पुण्याकडं गेली होती. कळवतो म्हणाले. तोवर काळजीचं कारण नाही, तुमची गाडी यादीत नाही.

पुष्पाबाईला तेवढ्यानं चैन पडेना. तिनं जुनी बॅटरीही गोणीत घातली आणि पुन्हा जालना गाठलं. काउंटरवरचं पोरगं वाईट नव्हतं. त्यानं तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. पण संगणकात पुष्पाबाईच्या गाडीचं काम पूर्ण झालेलं दिसत होतं आणि कल्याणच्या गाडीचं कामच नव्हतं. तिसरी बॅटरी कुठं दाखवायची, हे त्याला कळत नव्हतं. कंपनीला लिहितो म्हणाला. ती बॅटरी पुन्हा गोणीत घालून परत आली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि ती बॅटरीची नव्हती.

तुळजाबाईला हे सगळं वेगळंच ऐकू आलं. पुष्पी जालन्याहून नवी घेऊन आली आणि आता म्हणते, राहिली ती खराब आहे. म्हणजे आमची खराब. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो की कल्याणच्या गाडीत बिलकुल दोष नाही, आणि ही गल्लीभर सांगत फिरते. वर नवी बॅटरी आमच्या पोरीला देऊन उपकार करते.

पायरीवर बसून, चार बाया असताना, ती बोलली. “आमाला कुणाची नवी नको. आमचं आमाला दे. आकांक्षी आमच्याच बॅटरीवर जाईल.”

पुष्पाबाई तिथून निघाली. घरी येऊन चुलीपुढं बसून राहिली. पुंजाराम म्हणाला की ती बॅटरी विहिरीत टाकून दे आणि मोकळी हो. ती म्हणाली की दुसऱ्याची वस्तू हाये, टाकता येत न्हाई. नवी नको म्हणून आत्याबाईंनी पोरीला एसटीनं पाठवलं असतं, तर चाललं असतं. पण आत्याबाई तसं करणाऱ्या नव्हत्या. त्या ती बॅटरी मागून घेणार होत्या आणि नातीच्या गाडीत स्वतः उभ्या राहून बसवून घेणार होत्या. इज्जतीचा प्रश्न झाला होता.

दोन दिवस ती पायीच फिरली. जुनी बॅटरी अंगणातल्या दगडावर पडून होती. तिसऱ्या दिवशी तुळजाबाईनं कल्याणला ती आणायला पाठवलं. कल्याण दारात उभा राहिला, बघत होता खाली. त्याच्याही मनात भीती होती, पण आईपुढं त्याचं चालत नसे.

तेव्हा पुष्पाबाई जे बोलली ते खोटं होतं. ती म्हणाली की बॅटरी चांगली आहे, आपलीच चूक झाली, उगीच घाबरले. “आणि आत्याबाईला सांग, सावड हाये तशीच चालू हाये. आज जुनी माझ्याकडं, नवी तुमच्याकडं. मी चालवून राह्यले ना, मंग तर झालं?”

खोटं खरं करायचं तर गाडी चालवायला हवी होती. बॅटरी नुसती पडून राहिली असती तर तिचं म्हणणं कुणी मानलं नसतं. म्हणून तिनं ती सीटखाली घातली, चाकावर पाणी ओतलं आणि तुळजाबाईच्या पायरीसमोरून हळू गेली. दुसऱ्या दिवशीही जुनी तिच्याकडंच राहिली, तिसऱ्या दिवशीही. कधी म्हणायची की जुनी अजून पूर्ण भरली न्हाई वाटतं, आकांक्षीला लांब जायचं तर नवी तिला असू दे, जुनी माझ्या फिरण्याला पुरते. कधी म्हणायची की नवीची कडी माझ्या हाताला रुततेय. गिरणीत नेणंही तिनं बंद केलं. आमच्याकडं आता वीज बराबर असते, असं सांगून ती बॅटरी अंगणात, घरापासून लांब, लिंबाखाली चार्ज करू लागली. चार्ज होत असताना समोर बसून राहायची आणि मधून मधून हाताची मागची बाजू तिला लावून बघायची, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी.

पुंजारामला हे सगळं दिसत होतं. एकदा तो म्हणाला, “किती दिवस असं?” ती म्हणाली की कंपनीचं उत्तर येईपर्यंत. शोरूमला ती फोन करत राहिली. कधी लागायचा, कधी नाही. लागला की तेच पोरगं बोलायचं, ओशाळून.

तुळजाबाई अजून तिच्याशी बोलत नव्हती. पण पायरीवरून पुष्पाबाईची गाडी जाताना बघायची आणि ती वळणापलीकडं गेली की आत जायची. बायांना म्हणायची, बघा, म्हणत होते ना मी, आमच्या बॅटरीला काय धाड भरली न्हाई.

चैत्रात, उन्हं तापायला लागल्यावर, एका सकाळी पुष्पाबाई भागवतच्या शेतवस्तीकडं निघाली होती. तिथं नुकतंच बाळ झालं होतं. वस्तीच्या अलीकडं तिला वास आला असावा, कारण तिनं गाडी थांबवली आणि ती उतरली. हे तिथं पिकाला पाणी देत असलेल्या भागवतनं पाहिलं. सीटच्या फटीतून पांढरा धूर निघत होता. ती बाजूला झाली होती, चांगली दहा-बारा पावलं. तेवढ्यात तिनं मागं बघितलं. गाडी नेमकी कडब्याच्या गंजीला लागून उभी होती, आणि गंजीच्या सावलीला भागवतची दोन जनावरं बांधलेली होती. ती परत गेली. स्टँड काढून तिनं गाडी ढकलली, रस्त्याच्या पलीकडं, नांगरलेल्या रानाकडं. गाडी गेली पलीकडं. मग तो आवाज झाला.

भागवत सांगतो की त्यानं आधी आवाज ऐकला, मग उजेड पाहिला, आणि नंतर धावताना आपल्या हातात खोरं कशाला आहे हे त्याला कळेना.

जालन्याच्या दवाखान्यात ती काही दिवस होती. तुळजाबाई वॉर्डाबाहेर जमिनीवर बसून असायची. घरी चला म्हटलं तरी उठायची नाही. जो भेटेल त्याला सांगायची की ती बॅटरी आमची होती, माझीच होती, माझ्यामुळं चालवली तिनं. आत पुष्पाबाई बोलायची, पण ते बोलणं दुखण्याचं होतं, पाण्याचं होतं, मधेच कुणाच्या तरी डोसच्या तारखेचं होतं. एका पहाटे तेही थांबलं.

तेरावा झाल्यावर तिच्या मोबाईलवर शोरूममधून फोन आला. पुंजारामनं उचलला. काउंटरवरचं तेच पोरगं होतं, या वेळी त्याच्या आवाजात घाई होती. कंपनीचं उत्तर आलंय, म्हणाला. तुम्ही जमा केलेली बॅटरी उघडून तपासली, ती चांगली निघाली, ती यादीतली नव्हतीच, दुसऱ्या गाडीची आणली गेली. खराब ती अजून तुमच्याकडंच असेल. मावशींना सांगा, वापरू नका, लगेच घेऊन या.

पुंजारामनं पूर्ण ऐकून घेतलं. “ती न्हाई आता,” एवढं म्हणाला आणि मोबाईल कल्याणच्या हातात दिला.

कल्याणनं आईला समजावून सांगितलं. जालन्याला गेली ती आपली, चांगली. इथं राहिली ती पुष्पाकाकूचीच. तिच्याच गाडीबरोबर आलेली. तुळजाबाईनं ऐकलं, पण तिचं म्हणणं बदललं नाही. अजूनही ती विचारणाऱ्याला सांगते की बॅटरी आमची होती. कुणी खरं सांगायला गेलं तर मान फिरवते.

गाडी पेटली त्या सकाळचं आकांक्षाला मात्र नीट आठवतं. कॉलेजला निघताना ती पुष्पाबाईच्या अंगणात आली होती. ऊन लवकर चढलं होतं आणि पुष्पाबाईला त्या दिवशी वस्त्यांवर बरंच फिरायचं होतं. तिच्या गाडीत पुन्हा जुनीच बॅटरी बघून आकांक्षा म्हणाली की काकू, रोज काय तुम्हीच जुनी घेता, आज मला द्या, नवी तुम्ही न्या, आज्जी काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि ती जुनी काढायला वाकलीसुद्धा. पुष्पाबाईनं सीट खाली केली, वर बसली आणि पायानं गाडी मागं घेतली.

“राहू दे गं, तुला उशीर होईल. आणि पोचल्यावर आज्जीला फोन लाव, तवर त्या पायरीवरून उठत न्हाईत.”